दुसऱ्या ऑर्डरपर्यंत

देशातल्या पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नमुन्यात व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. त्यातल्या आठव्या तत्त्वाखाली तीन पोटभागांचा एक प्रश्न आहे. वंचित किंवा दुर्बल घटकांतल्या पुरवठादारांना प्राधान्य देणारे खरेदी धोरण तुमच्याकडे आहे का? असल्यास कोणत्या घटकांकडून खरेदी करता? आणि एकूण खरेदीत तिचे मूल्यानुसार प्रमाण किती? प्रश्न ऐच्छिक गटातला आहे. 'नाही' लिहून पुढे जाता येते, आणि कितीतरी कंपन्या तेच करतात. पण ज्याला 'होय' लिहायचे आहे त्याला तिसऱ्या पोटभागाशी थांबावेच लागते, कारण तिथे आकडा लागतो आणि तो वर्षभरात दिलेल्या ऑर्डरींतूनच येतो.

हा लेख तो आकडा खरा आणि वाढता कसा करावा याविषयी आहे. कंपनीचे खरेदीप्रमुख, मध्यम कारखान्याचे मालक, लेखा विभागात बिले पास करणारे अधिकारी या सगळ्यांनी तो वाचावा असे मला वाटते. मी मुख्यतः अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांविषयी लिहितो आहे, कारण आपल्याकडे खरेदीचे धोरण, मालकीची व्याख्या आणि मदत करणाऱ्या संस्था त्यांच्याबाबतीत तयार आहेत. मुस्लिम कारागिरांकडून, भटक्या-विमुक्त समाजातल्या किंवा महिला उद्योजकांकडून खरेदी वाढवायची असेल तरी यातले बहुतेक सगळे लागू पडेल.

वंचित घटकांतल्या उद्योजकांकडून ठरवून खरेदी करण्याची ही कल्पना अमेरिकेतली. नागरी हक्कांच्या लढ्यानंतर कृष्णवर्णीयांच्या उद्योगांकडून मोठ्या कंपन्यांनी माल घ्यावा असा रेटा तिथे तयार झाला. जनरल मोटर्सने १९६८ मध्ये असा कार्यक्रम सुरू केला, १९६९ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय काढले, आणि १९७२ मध्ये अशा पुरवठादारांना तपासून प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय परिषद उभी राहिली. मालकीत, चालवण्यात आणि नियंत्रणात किमान ५१ टक्के वाटा, ही तिची कसोटी. न्यू जर्सीत सॉफ्टवेअर कंपनी चालवणारा, तिथले नागरिकत्व घेतलेला मराठी माणूसही 'आशियाई-भारतीय' या गटात त्या प्रमाणपत्राला पात्र ठरतो. तिथे आपल्याला जी दारे उघडी असतात, ती इथल्या दलित-आदिवासी उद्योजकासाठी उघडायची वेळ आली की पहिला प्रश्न 'मग गुणवत्तेचे काय?' हा यावा, हे मला बरोबर वाटत नाही.

आपल्याकडे ही मागणी ठळकपणे मांडली गेली ती जानेवारी २००२ मध्ये, भोपाळच्या दलित परिषदेत. २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, स्थापन केली. २००६ मध्ये जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखालच्या उद्योगसंघटनांच्या कृतिगटाने अनुसूचित जाती-जमातींसाठी उद्योगांनी स्वतःहून काय करावे याचा आराखडा दिला, आणि टाटा समूहाने त्यानंतर आखलेल्या कार्यक्रमात शिक्षण आणि रोजगाराच्या बरोबरीने उद्योजकतेलाही जागा मिळाली. सरकारचे सूक्ष्म व लघु उद्योगांकडून खरेदीचे धोरण २०१२ चे. केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक कंपन्यांनी आता आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करायची असते. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिलांसाठी राखलेले आहेत.

तरीही पहिली अनेक वर्षे त्या ४ टक्क्यांच्या जागी प्रत्यक्ष खरेदी एक टक्क्यालाही पोचत नव्हती. 'पुरवठादारच मिळत नाहीत' हे त्याचे ठरलेले उत्तर. ते मला पटत नाही. पुरवठादार मेळाव्याला येतात, अर्ज भरतात, व्हेंडर कोडही मिळवतात. काहींना पहिली ऑर्डर मिळते, तिचा फोटो अहवालात छापला जातो, आणि पुढच्या वर्षी ते नाव खरेदीच्या खातेवहीत दिसत नाही. कार्यक्रम टिकला की नाही, हे दुसऱ्या ऑर्डरीवरून कळते. म्हणून दुसरी ऑर्डर कुठे अडते ते आधी पाहू.

पैसे कधी मिळतात

समजा, वाळूजमध्ये भाड्याच्या शेडमध्ये दोन सीएनसी मशीन चालवणारा एक उद्योजक तुम्हाला महिन्याला १० लाखांचे सुटे भाग देतो. तुमच्या ऑर्डरीवर ९० दिवसांची उधारी छापलेली आहे. म्हणजे कोणत्याही दिवशी त्याचे ३० लाख रुपये तुमच्याकडे अडकलेले असतात. शिवाय त्या बिलांवरचा १८ टक्के जीएसटी, इनपुट क्रेडिट वजा जाता, त्याने पुढच्या महिन्यातच भरलेला असतो.

त्याच भागांसाठी तुमचा जुना पुरवठादारही कोटेशन देतो. त्याच्याकडे वडिलांच्या नावाची जागा आहे, ती तारण ठेवून बँकेचे कॅश क्रेडिट १० टक्क्यांच्या आसपास मिळते. कळंबोलीच्या लोखंड बाजारातला व्यापारी त्याच्या घराला दोन पिढ्यांपासून ओळखतो, त्यामुळे पोलादही महिना-दीड महिन्याच्या उधारीवर येते. नव्या उद्योजकाकडे तारण ठेवायला काही नाही, व्यापाऱ्याशी घरोबा नाही. तो पोलाद रोखीने घेतो आणि बिगर-बँक वित्तसंस्थेकडून १८ टक्क्यांनी पैसे उचलतो. ३० लाखांवर ८ टक्क्यांचा फरक म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. १ कोटी २० लाखांच्या उलाढालीवर हे २ टक्के झाले. ज्या धंद्यात निव्वळ नफा सहा टक्के धरला तर तो बरा म्हणायचा, तिथे नफ्याचा तिसरा हिस्सा तुमच्या उधारीनेच खाल्ला. मग कोटेशन उघडल्यावर त्याचा दर दोन टक्क्यांनी जास्त निघतो, आणि खरेदी अधिकारी प्रामाणिकपणे म्हणतो, 'द्यायची इच्छा होती, पण दर बसला नाही.'

जात आजच्या बाजारात अशी काम करते. कोणी अपमान करत नाही, कोणी दार लावत नाही. ज्यांच्या घरात पूर्वी जमीन, दुकान, सावकारी नव्हती त्यांना पैसा महाग मिळतो, आणि तो महागपणा कोटेशनमध्ये उतरतो. कार्यक्रमाची सुरुवात म्हणूनच लेखा विभागापासून करा.

कायदा या बाबतीत तुमच्या बाजूने नाही, हेही लक्षात असू द्या. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादक किंवा सेवा उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे २०२३-२४ पासून असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षापर्यंत खर्च म्हणून वजाही मिळत नाहीत. ऑर्डरीवरचे ते ९० दिवस मुळातच टिकणारे नाहीत. लहान पुरवठादार तक्रार करत नाही एवढ्यावरच ते चालले आहे, आणि तो का करत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे.

माझा सल्ला असा की जात न विचारता, सगळ्या सूक्ष्म उद्योगांना माल तपासून घेतल्यापासून १५ किंवा फार तर ३० दिवसांत पैसे द्या. सवलत आकारावर दिली की कोणाला कुरकुरायला जागा राहत नाही, कोणाला आपली जात पुढे करावी लागत नाही, आणि ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे त्याला ती आपोआप मिळते. एवढी रोकड तुमच्याकडे नसेल तर ट्रेड्स हा मंजूर बिलांवर बँकेकडून लगेच पैसे मिळवून देणारा मंच वापरा. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची झाली आहे, पण नोंदणी करणे आणि बिले चढवणे यांत बरेच अंतर आहे. मालाची जीआरएन, म्हणजे पोचनोंद, झाली की आठवड्याच्या आत बिल मंजूर करून मंचावर टाका. तिथे बँक तुमची पत पाहून पैसे देते, पुरवठादाराची नाही, आणि तुम्ही पैसे बुडवले तरी बँक त्याच्याकडे वसुलीला येत नाही. १८ टक्क्यांचा पैसा एक अंकी दराजवळ येण्याचा हाच सर्वांत जवळचा रस्ता आहे.

आणखी एक जुनी, साधी युक्ती: सुरुवातीचे सहा महिने किंवा वर्षभर कच्चा माल कंपनीचा आणि काम त्याचे, अशा जॉबवर्कने व्यवहार करा. दहा लाखांच्या मालात सहा लाखांचे पोलाद असेल तर त्याची भांडवलाची गरज निम्म्याहून कमी होते. पण कायमचे तिथेच ठेवू नका. नुसत्या मजुरीवर चालणाऱ्या शेडची उलाढाल वाढत नाही, आणि उलाढाल वाढली नाही तर बँक पुढचे कर्ज देत नाही. वर्षाने स्वतःच्या मालासकट ऑर्डर द्यायची, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवा.

दारावरच्या अटी

व्हेंडर नोंदणीचा फॉर्म काढून एकदा शांतपणे वाचा. तीन वर्षांचा अनुभव, पाच कोटींची उलाढाल, अमुक इतकी नेटवर्थ, आयएसओ, बँक गॅरंटी. यातल्या किती अटी मालाच्या गुणवत्तेशी जोडलेल्या आहेत आणि किती 'नेहमीच्या आहेत' म्हणून राहिल्या आहेत? ब्रेकच्या भागासाठी वाहन उद्योगाचे गुणवत्ता प्रमाणपत्र मागायलाच हवे, तिथे कोणासाठीही ढील नको. पण पॅकिंगचे खोके, फिक्स्चर, कामगारांचे गणवेश, केबल ट्रे यांसाठी पाच कोटींची उलाढाल कशाला? सरकारी धोरणातही पात्र सूक्ष्म-लघु उद्योगांना बयाणा रक्कम माफ आहे, आणि गुणवत्ता सांभाळून पूर्वानुभवाची व उलाढालीची अट शिथिल करता येते. सरकारला जमते ते खासगी कंपनीला अवघड नसावे.

अट काढली की तिच्या जागी काहीतरी ठेवावे लागते. तिथे ठेवा तपासणी. तुमचा गुणवत्ता विभागाचा माणूस शेडवर जाऊ दे, मशीन पाहू दे, मोजमापाची साधने कॅलिब्रेट केलेली आहेत का ते पाहू दे. नमुन्याचे पैसे द्या. फुकट सॅम्पल मागणे मोठ्या पुरवठादाराला परवडते, दोन मशीनवाल्याला नाही. मग लहान चाचणी ऑर्डर, तिच्यानंतर ठरलेल्या रिजेक्शनच्या मर्यादेत काम झाले तर पुढच्या तिमाहीत किती प्रमाण मिळेल, हे आधीच सांगा. हे आधी सांगणे फार मोलाचे आहे. त्या आकड्यावर तो माणूस तिसरे मशीन घ्यायचे की नाही हे ठरवतो. नॅशनल एससी-एसटी हब या २०१६ साली सुरू झालेल्या केंद्रीय योजनेखाली यंत्रसामग्रीवर २५ टक्के, कमाल २५ लाखांपर्यंत भांडवली अनुदानाची तरतूद आहे. ती घेऊनही उरलेल्या रकमेचे हप्ते भरायचे असतातच, आणि ते तुमच्या दुसऱ्या ऑर्डरीतून भरले जाणार असतात.

दरासाठीही सरकारी धोरणातला नियम उचलण्यासारखा आहे. सर्वांत कमी दर दुसऱ्याचा असेल आणि लघु उद्योगाचा दर त्याच्या वर १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्याला कमी दराशी जुळवून घेऊन ठरावीक हिस्सा पुरवण्याची संधी मिळते. कंपनीला एक पैसाही जास्त मोजावा लागत नाही. आणि जो हरला त्याला का हरला ते सांगा: दर पोलादात बसला नाही, मशीनच्या तासाच्या दरात, की वाहतुकीत? दोन ओळींचा ईमेल पुरतो. नवा माणूस बाजारभाव शिकतो तो असाच, कारण जुन्या पुरवठादाराला जेवणाच्या टेबलावर जे कळते ते त्याला कोणी सांगत नाही.

कोणते काम द्यायचे

या विषयात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे. कंपनी ठरवते की या वर्षी अनुसूचित जातींच्या उद्योजकांकडून खरेदी वाढवायची. मग हाउसकीपिंगचे कंत्राट त्यांना दिले जाते. पाठोपाठ कचरा उचलण्याचे, बाग राखण्याचे, सांडपाण्याच्या टाक्या उपसण्याचे. आकडा वाढतो, अहवाल सुंदर दिसतो. आणि शतकानुशतके ज्या कामांना ज्या माणसांशी बांधून ठेवले तीच वाटणी कंपनीच्या व्हेंडर यादीत पुन्हा छापली जाते. मधल्या मालकाच्या हाती दोन पैसे येतात हे खरे, ती सेवा देणाऱ्या उद्योजकाला कमी लेखण्याचे कारण नाही, आणि त्याचे बिलही वेळेवर गेलेच पाहिजे. पण कार्यक्रमाची सगळी खरेदी तिथेच साचत असेल तर तो कार्यक्रम चुकला आहे.

म्हणून एकूण टक्क्याबरोबर प्रकारवार हिशेब ठेवा. मशीनिंग, फॅब्रिकेशन, इलेक्ट्रिकल पॅनेल, पॅकिंग, बांधकाम, वाहतूक, सॉफ्टवेअर, डिझाइन या प्रत्येकात किती? सफाई आणि सुरक्षा वेगळ्या ओळीत दाखवा आणि उद्दिष्ट बाकीच्या ओळींवर ठेवा. सुरुवात कुठून करायची हे मागच्या तीन वर्षांच्या खरेदीच्या नोंदीच सांगतील. कोणत्या वस्तूला एकच पुरवठादार आहे, कोणता करार पुढच्या सहा महिन्यांत संपतो, कोणती ऑर्डर इतकी मोठी बांधली आहे की ती तीन तुकड्यांत देता येईल? एकाच पुरवठादारावर टांगलेली वस्तू शोधून तिथे दुसरा उभा करणे हे कंपनीच्याही हिताचे असते, त्यामुळे उत्पादन विभागाकडून विरोध येत नाही. उलट विचारणा येते.

जात विचारावी कशी

मोजायचे म्हणजे विचारावे लागणार, आणि इथे हात हलका हवा. आपली जात कळली तर ऑर्डर जाईल या भीतीने आडनावाचा उच्चारही टाळणारे उद्योजक आपल्या औद्योगिक वसाहतींत आहेत. त्यांची भीती निराधार नाही. माल तपासून घेणाऱ्याच्या मनात एकदा ती नोंद बसली की तोच ओरखडा एका खोक्यावर चालतो आणि दुसऱ्यावर रिजेक्ट होतो.

उद्यम प्रमाणपत्रावर उद्योजकाचा सामाजिक प्रवर्ग छापलेला असतो. आज बहुतेक कंपन्यांत ते प्रमाणपत्र व्हेंडरच्या फाइलमध्ये सगळ्यांना दिसते. ते थांबवा. माहिती देणे ऐच्छिक ठेवा, ती का हवी हे फॉर्मवर लिहा, आणि ती वित्त विभागातल्या एकाच अधिकाऱ्याकडे राहू द्या. रोजची तपासणी, व्हेंडर रेटिंग, बिले या कशाच्याही स्क्रीनवर ती येता कामा नये. मग प्राधान्य द्यायचे कसे, असे तुम्ही विचाराल. प्राधान्य दारापर्यंत पोचवण्यात द्यायचे. चौकशीपत्र पाठवताना डिक्की, एससी-एसटी हब, जिल्हा उद्योग केंद्र यांच्याकडून नावे मागवायची, प्रत्येक कोटेशनच्या फेरीत त्यातली किमान दोन नावे असतील असा नियम करायचा. दार ओलांडल्यावर सगळ्यांना एकच माप.

पुरावा म्हणून जातीचा दाखला पुरेसा माना. नोकरी-निवडणुकीसाठी लागणारी जात वैधता मागून कोणाला फेऱ्या मारायला लावू नका. महाराष्ट्रापुरती एक सूचना परप्रांतातल्या मुख्यालयाला आवर्जून कळवा: दाखल्यावर धर्म बौद्ध असल्याने फाइल अडवण्याचे कारण नाही. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या कायद्याने तो दर्जा मिळालेला आहे.

नामधारी मालकाचा धोका अमेरिकेत पहिल्यापासून आहे, आपल्याकडे तर महिला सरपंचांच्या नावावर कारभार करणारे पती सर्वांनी पाहिलेले आहेत. आपल्या धोरणातली व्याख्या सरळ आहे: एकमालकी असेल तर मालक, भागीदारीत किंवा कंपनीत किमान ५१ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींचा. पण कागदावरचे ५१ टक्के कोणीही करून आणतो. शेडवर जाऊन बोला. बँकेच्या खात्यावर सही कोणाची, दराची घासाघीस कोण करतो, मशीन बंद पडले तर फोन कोणाला जातो, कामगार 'साहेब' कोणाला म्हणतात. अर्ध्या तासात उलगडा होतो. खोटे निघाले तर कोड बंद करा आणि कारण नोंदवा, पण एका खोट्याचा दाखला देऊन बाकीच्यांच्या तपासण्या वाढवू नका.

खरेदी अधिकाऱ्याचे काय

वरचे सगळे कागदावर उतरले तरी एक माणूस ते एका झटक्यात निष्फळ करू शकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. खरेदी अधिकाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात दोन गोष्टी असतात: दर किती उतरवला आणि व्हेंडरची संख्या किती कमी केली. तुम्ही त्याला सांगता नवे, लहान पुरवठादार आण. तो मान डोलावतो आणि ज्यावर त्याची वेतनवाढ ठरते तेच करतो. तेव्हा या कार्यक्रमासाठी संख्या कमी करण्याच्या उद्दिष्टातून सूट द्या, नव्या पुरवठादाराच्या पहिल्या वर्षाचे रिजेक्शन त्याच्या खात्यात धरू नका, आणि त्याच्या मूल्यमापनात एक ओळ घाला: मागच्या वर्षी आणलेल्या पुरवठादारांपैकी किती जणांना या वर्षी पुन्हा ऑर्डर गेली. सीएसआर विभागाकडे हा कार्यक्रम सोपवूच नका. त्यांच्या हातात ऑर्डर नसते. ते मेळावे घेतात, प्रशिक्षण देतात, आणि प्रशिक्षित उद्योजक पुन्हा त्याच बंद दारापाशी येऊन उभा राहतो.

संचालक मंडळापुढे न्यायचे आकडेही तसेच निवडा. नोंदणी झालेल्या व्हेंडरची संख्या सांगण्यात अर्थ नाही. प्रत्यक्ष दिलेले रुपये, सरासरी किती दिवसांत दिले, किती जणांची ऑर्डर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी टिकली, चौकशी किती जणांना गेली आणि त्यातल्या किती जणांना ऑर्डर मिळाली. यात एकाच मोठ्या पुरवठादाराने आकडा फुगवला असेल तर तो वेगळा दाखवा. दहा कोटींची खरेदी एकाकडून आणि दहा कोटींची चाळीस जणांकडून, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चाकण-रांजणगावच्या मोठ्या वाहन कंपन्यांना एक अडचण खरोखरच असते: त्या थेट दोन मशीनवाल्याकडून माल घेत नाहीत, तयार जोडण्या घेतात. त्यांनी आपल्या पहिल्या फळीच्या पुरवठादारांना दर तिमाहीला विचारायचे की तुमच्या खरेदीत या उद्योजकांचा हिस्सा किती. अमेरिकेतल्या वाहन कंपन्यांनी ही पद्धत फार पूर्वीपासून वापरली. दुसऱ्या फळीत लहान शेडला खरी जागा असते. मात्र स्वतःची थेट खरेदी शून्य ठेवून पुरवठादारांकडून आकडे गोळा करणे म्हणजे जबाबदारी खाली ढकलणे झाले. अमेरिकेत २००१ मध्ये स्थापन झालेल्या 'बिलियन डॉलर राउंडटेबल'ने प्रवेशाची कसोटी म्हणून थेट खरेदीच धरली, वर्षाला किमान एक अब्ज डॉलरची.

अमेरिकन मालकीच्या कंपन्यांत सध्या वेगळाच पेच आहे. २०२५ च्या जानेवारीपासून तिथल्या सरकारने असे कार्यक्रम मोडीत काढण्याचा पवित्रा घेतला, अनेक कंपन्यांनी ते गुंडाळले किंवा त्यांची नावे बदलली, आणि पुण्यातल्या शाखेला परिपत्रक येते की विविधतेचे सगळे थांबवा. इथल्या खरेदीप्रमुखाने घाबरून फाइल बंद करू नये. तो वाद तिथल्या वंशाधारित तरतुदींचा आणि तिथल्या कायद्याचा आहे. भारतात सरकारचे स्वतःचे धोरण अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून खरेदी करा असे सांगते आणि सेबी तिची विचारणा करते. या दोन गोष्टी जोडून मुख्यालयाच्या कायदा विभागाकडून लेखी उत्तर घ्या, आणि ते येईपर्यंत चालू ऑर्डरी आणि बिले थांबवू नका.

तुमची कंपनी सूचिबद्ध नसेल, खरेदी विभागात दोनच माणसे असतील, तर धोरणाचा मसुदा करत बसण्याची गरज नाही. तीन कोटेशन मागवण्याची पद्धत तुमच्याकडे असणारच. यापुढे तिसरे कोटेशन दरवेळी अशा उद्योजकाकडून मागवा ज्याच्याकडून आजवर कधी मागवले नाही. डिक्कीचे मुख्य कार्यालय पुण्यातच आहे, जिल्हा उद्योग केंद्र प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. या तिमाहीत एक वस्तू निवडा, शेड पाहून या, नमुन्याचे पैसे द्या, चाचणीची ऑर्डर काढा. तिचे बिल तिसाव्या दिवसाच्या आत पास झाले का, हे लेखा विभागाला स्वतः विचारा, आणि ते पास झाल्याचे कळले की दुसऱ्या ऑर्डरीचे प्रमाण ठरवायला त्या उद्योजकाला बोलावून घ्या.